फोटोच्या बाहेर उभा असलेला

ती. आईस, रागातच नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. बाबांचा गुडघा कसा आहे?

आज आम्ही दोघं व्हिसाच्या ऑफिसात गेलो होतो. आमचं लग्न झालेलं नसलं तरी माझ्या व्हिसावर तो इथे राहू शकतो, पण दोन वर्षं एकत्र राहिल्याचा पुरावा लागतो. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "सगळ्या फोटोंत तुम्ही एकट्याच कशा?"

मला त्यांचा नाही, तुझा राग आला. नातेवाइकांना काय सांगायचं म्हणून तू त्याला प्रत्येक फोटोच्या बाहेर उभं राहायला लावलंस. एकात त्याचा हात तेवढा आलाय, माझ्या खांद्यावर.

आता त्यांना घरच्यांचं पत्र हवंय. तो आहे, असं तूच लिही. नाहीतर महिन्याभरात त्याला त्याच्या देशात परत पाठवतील, आणि तुझे ते फोटो खरे होतील.

तुझीच,
धाकटी