धुळीचा खोकला

३ जानेवारी २००५, सोमवार
आजपासून बिडी बंद. पाकिटात उरलेली उद्या संपवून.

गल्लीत दवाखान्याची बाई आली होती. टीबीचे पेशंट अर्ध्यात गोळ्या सोडतात, समोर बसवून गिळायला लावणारं कुणीतरी पाहिजे, म्हणाली. सगळ्या पुरुषांनी माना खाली घातल्या. मीही घातली, पण मला मानेचा त्रास आहे. शेजारच्या आक्काने हात वर केला. मग आमच्या सौ.ने. मला न विचारता! असो. बायकांना मार्गदर्शन लागेल. ते मी करीन.

७ जानेवारी
मार्गदर्शन रविवारवर. नाइट शिफ्टने अंग मोडून येतं.
सौ. म्हणते, तुमचा खोकला तपासून घ्या. तिला समजावलं, जन्म लूमवर गेला, हा कापसाच्या धुळीचा खोकला आहे. गप्प बसली. पटलं असावं.

१३ जानेवारी
नळावर आता सौ.ला कुणी हंडा लावू देत नाही. टीबीवाल्यांत बसते म्हणून. ती पाणी आणायला हायवेपलीकडे जाते. नळावर जाऊन एकेकीला खडसावणार आहे. आज दम लागला. जिना चढूनच.

१९ जानेवारी
समोरच्या खोलीतल्या पंढरीला टीबी आहे हे कळताच त्याच्या लूम कारखान्याच्या सेठने त्याला कामावरून काढलं. पंढरीने घाबरून गोळ्याही सोडल्या. आक्का आणि सौ. थेट कारखान्यात निघाल्या. मीही निघालो होतो, चप्पल सापडेना.

सौ.ने नंतर सांगितलं ते असं. सेठ म्हणाला, "टीबीवाला नहीं चाहिये." आक्का म्हणाली, "गोली खायेगा तो अच्छा होयेगा. भगायेगा तो दुसरे कारखाने में जाके खासेगा. तेरा दुसरा कारखाना बी हाय ना?" आणि दोघी दारातच बसल्या. शिफ्ट बदलायची वेळ, आतले बाहेर येईनात, बाहेरचे आत जाईनात. शेवटी सेठने पंढरीला परत घेतलं.
मीही हेच सुचवणार होतो.

२ फेब्रुवारी
रुमालावर लाल डाग. पानाचा असेल.

३ फेब्रुवारी
सौ. म्हणाली, तुम्ही पान कधीपासून खाता? रुमाल तिनेच धुतला. भांडली नाही. नुसती ओट्याला टेकून उभी राहिली. ती इतकी दमलेली मला कधी दिसली नव्हती. दमायला तिला झालं काय, काम तर मी करतो, असं लिहिणार होतो. राहू दे.

४ फेब्रुवारी
स्वतःहून दवाखान्यात गेलो. सौ.ने दंड धरला होता तो रस्ता खराब म्हणून. डबीत थुंकी दिली.

९ फेब्रुवारी, बुधवार
निघाला.

घरच्या माणसाने गोळ्या द्यायच्या नाहीत असा नियम आहे, म्हणून आक्काच्या ओटीवर जायचं. पंढरी आधीच बसला होता. सरकून जागा दिली. म्हणाला, "बसा काका. पहिले थोडे दिवस मळमळतं, मग बरं वाटतं. बरं वाटलं म्हणून सोडू नका."

मी आक्काला हळूच म्हटलं, गल्लीत एवढ्यात कुणाला कळू देऊ नका.
आक्का पाणी ओतत म्हणाली, "कळायचं काय ऱ्हायलंय? दिवाळीपासनं तुमचा खोकला भिंतीतून ऐकतोय आमी. सगळी गल्ली ऐकते. तुमालाच तेवढा ऐकू येत न्हवता."

मग म्हणाली, तोंड उघडा.
उघडलं.