तळघरातला दुसरा हँडसेट

कार्ल्सरूहे, शुक्रवार संध्याकाळ

आज आमच्या अल्टरेशनच्या दुकानासाठी कॉर्डलेस फोन घेतला. मला एकच हँडसेट पुरेसा वाटत होता. उचलणार तर श्टेफानच ना? शिवणकाम मी करायचं आणि गिऱ्हाइकांशी फोनवर माझ्या या जर्मन नवऱ्याने बोलायचं, असं सहा वर्षं चाललंय. माणूस समोर असला की माझं जर्मन चालतं, हातवारे करता येतात. फोनवर मात्र दातखीळ बसते.

त्याने दोन हँडसेटचाच सेट घेतला. "तळघरात रेंज येते का बघू," एवढंच म्हणाला आणि दुसरा खाली तळघरात माझ्या शिलाई मशीनशेजारी ठेवला. राग आला होता का मला? थोडासा.

चार वाजता तो ब्रेड आणायला गेला आणि फोन वाजला. वाजतच राहिला. शेवटी उचलला. एक आजीबाई भराभरा बोलत होत्या. मी म्हटलं, "बिट्टे, लांगझाम. हळू बोला ना, मला फोनवर बोलायची भीती वाटते." हे कसं बोलून गेले, देव जाणे! त्या हसल्या. म्हणाल्या, "मलाही वाटते." मग दोघी सावकाश बोललो. निळा कोट, अस्तर फाटलंय, मंगळवारी तीन वाजता. सगळं बरोबर लिहून घेतलं. निळा कोट, माझी पहिली फोनवरची ऑर्डर!

श्टेफान परत आला, त्याला हे सांगतेय तोच फोन पुन्हा वाजला. त्याने सवयीने हात पुढे केला.

"थांब," मी म्हटलं, "मी घेते."