मी बिबट्याशी झुंजलो, असं ऐकतो

कवठे येमाई, ता. २७ मार्च २००१

आदरणीय भिमाजीमामांना भाचा नागसेनचा मनापासून जय भीम. तुमचा गुडघा जिना चढू देतो का, आणि मामी दुपारच्या चहात साखर टाकू देतात का, हे आधी कळवा. इकडे सगळे खुशाल. मी तर गरजेपेक्षा जास्तच. तुमच्या भाच्यानं बिबट्याचा जबडा फाडला, हे दौंडात तुमच्या कानावर आलंच असेल. (फाडला की नुसता धरला, हे तुमच्याकडे कोणती एसटी आधी पोचली त्यावर अवलंबून.) घडलं ते असं.

गेल्या महिन्यात जनगणनेसाठी आम्हा मास्तर लोकांना घरोघर पिटाळलं होतं. मळ्यातल्या एका वस्तीकडे जाताना विहिरीतून घुरघुर ऐकू आली. वाटलं, कुणाची तरी मोटार बिघडली. मोटारीतलं मला ओ की ठो कळत नाही, तरी वाकून बघितलं (मास्तरकीचा हा दोषच आहे), चष्मा घसरला, तो धरायला गेलो आणि त्याच्या मागोमाग मीही. पाण्यातून डोकं वर काढलं तर समोरच्या कपारीत बिबट्या. तोही माझ्यासारखाच पडलेला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. तो मागे सरकला. मला सरकायला जागा नव्हती. मग मी मोटारीच्या पाइपाला मिठी मारली आणि अशी बोंब ठोकली की आणखी दोन गावं बाहेर येऊन उभी राहिली असती, मोजणीचं काम तरी उरकलं असतं. पलीकडे त्याच वस्तीवरच्या सोजरबाई गवत कापत होत्या. त्यांनी लिंबाच्या खोडाला दोराचा वेढा दिला, दुसरं टोक खाली सोडलं आणि पन्नाशीच्या त्या बाईनं मला एकटीनं वर ओढलं. मग त्याच दोराला बाज बांधून बिबट्याला बसायला खाली सोडली. "मास्तर, तुमच्यापरीस ह्यो गुमान हाय," एवढं मात्र म्हणाल्या. संध्याकाळी वन खात्याची माणसं पिंजरा घेऊन आली. पराक्रम संपला.

गोष्ट संपली नाही. गावात पोचेपर्यंत मी पडलो नव्हतो, उडी मारली होती. शिरूरच्या बाजारात ती उडी एका किंचाळणाऱ्या बाईला वाचवण्यासाठी मारलेली निघाली. केडगाव स्टेशनात माझ्या हाती कुऱ्हाड आली. मामा, तुम्ही म्हणायचात, वीर जन्माला येत नाही, लोक त्याला आपल्या गरजेप्रमाणं घडवतात. आधी त्याची भीती काढून घेतात, मग हत्यार देतात, शेवटी जन्माच्या वेळची खूण शोधतात. तेव्हा मी जांभया द्यायचो. आता खुणेचं काम तुमच्या बहिणीनंच अंगावर घेतलंय. मी पायाळू जन्मलो, असं आई आल्यागेल्याला सांगते. (बोक्याला भिऊन मी माळ्यावर चढलो होतो, हे हीच आई परवापरवापर्यंत सांगायची.) आणि खोटं कशाला बोलू, तीन आठवडे मी त्यातलं काहीच खोडून काढलं नाही. वर्ग चिडीचूप बसायचा. मी खांदे मागे टाकून चालायला लागलो होतो.

मग एकदा सोजरबाई वाटेत भेटल्या. माझी नजर जमिनीवर. "तुमची गोष्ट तुम्हाला लखलाभ मास्तर," म्हणाल्या, "पर त्यात म्या किंचाळले म्हणत्यात, तेवढं काढा. म्या वरडले न्हाई. तुम्ही वरडत व्हता." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

सरपंच सोपानरावांनी माझा सत्कार ठेवला होता. शाल खांद्यावर पडली तसा मी माईक धरला आणि सगळं सांगून टाकलं: चष्मा, पाइप, बोंब, सोजरबाई. मग टाळ्यांचा कडकडाट. सोपानराव गहिवरून म्हणाले, "बघा, येवढा वाघासारखा गडी, आन् जराबी गर्व न्हाई!" म्हणजे नम्रताही मलाच चिकटली. तेव्हा बायकांतून सोजरबाई उठल्या, पुढं आल्या आणि दोन्ही तळहात सभेला दाखवले. दोरानं सोललेल्या जागी नवी गुलाबी कातडी आली होती. "म्या वढला ह्यान्ला," म्हणाल्या. मग म्हातारा गेणबा हात जोडून उठला. बाईमाणसाला येवढं बळ कुठनं येतंय, म्हणाला, येमाईच तिच्या रूपानं आली!

दुसऱ्या दिवशी सोजरबाईंच्या दारात दोन नारळ आणि हळदकुंकू. (विहारातली वंदना कधी न चुकवणारी बाई, अंगात येणाऱ्यांना उभं न करणारी!) त्यांनी नारळ फोडले, चटणी वाटली, शेजारणींना दिली. "देवी म्हणत्याल, पर बाईनं केलं म्हणायचे न्हाईत," एवढंच बोलल्या. मला हसू आलं नाही, मामा.

मग मी शाळेत ही गोष्ट घडली तशी सांगितली. पोरं लोळून हसली. एका मुलीनं मात्र विचारलं, सोजरबाईंना भ्या वाटलं नव्हतं का? मी त्यांना विचारून आलो. वाटलं होतं म्हणे. वाघाचं नव्हे, दोर तुटायचं. तेवढं मी आता गोष्टीत न चुकता घालतो.

मामींना जय भीम सांगा.

तुमचा पायाळू (आईच्या म्हणण्यानुसार) भाचा,
नागसेन

ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. येत्या रविवारी पाटसहून तेजश्री नावाच्या मुलीची माणसं मला बघायला येतायत. त्यांनी कुऱ्हाडवाली गोष्ट ऐकलीय. वडीलधारे म्हणून तुम्ही या. खोटं बोलू नका. फक्त बिबट्याचा विषय निघाला की जरा ठसका लागल्यासारखं करा.

ता. क. दुसरा. सोजरबाईंना कळलं, त्याही येणार म्हणतायत. काय सांगणार विचारलं, तर म्हणाल्या, "खरं तेच. पोरगं भित्रं हाय, पर भ्यालो म्हणून चारचौघांत सांगतंय. असला नवरा तालुक्यात घावायचा न्हाई." तेव्हा ठसक्याचं राहू द्या. नुसते या.