उपरण्याखालचा इसार

मुरबाड, मंगळवार

प्रिय बाबा,

फोनवर म्हशाच्या जत्रेचं नाव काढलं की तुम्ही फोन आईकडे देता, म्हणून कागदावर लिहितेय. हा कागद आईकडे देऊ नका, सगळा वाचा.

बँकेने मला डिजिटल रुपयाच्या कामावर घेतलं त्याला वर्ष होऊन गेलं. शेणव्यापासून डोळखांबच्या पाड्यांपर्यंत फिरले. हा रिझर्व्ह बँकेचाच रुपया, फक्त कागदाऐवजी फोनमध्ये, हे आता मी झोपेतही बडबडत असेन. पोरं म्हणतात, फोनवरून पैसे आधीच जातात, मग हे नवं खूळ कशाला? बायका म्हणतात, फोन नवऱ्याच्या खिशात. म्हातारी माणसं चहा पाजतात आणि वाटेला लावतात. यंदाच्या जत्रेत लोकांनी हा रुपया घेतला नाही तर इथलं काम बंद, असं साहेबांनी बजावलंय.

मी तुमचीच पोरगी, हटणार नाही. मागच्या जत्रेत दिवसभर बैलबाजारात बसून नुसतं पाहिलं. तुम्ही करायचात तसाच सौदा, उपरण्याखाली बोटं दाबून. भाव घेणाऱ्याला, देणाऱ्याला आणि दलालाला कळतो, चौथ्याला नाही. आणि फोनवर पैसे घेतले की टपरीवरचा तो डबा आकडा गावभर ओरडतो. बैलवाले फोनला का नाकं मुरडतात ते तेव्हा कळलं. आमच्या रुपयाला रेंज लागत नाही. फोनला फोन टेकवला की झालं, आवाजसुद्धा नाही. म्हणजे निदान इसार तरी उपरण्याखालीच देता येईल. हे सांगितलं तर साहेब हसले. हसू देत. फोन हरवला तर पाकीट हरवल्यासारखंच, हेही मी कुणापासून लपवत नाही.

परवा धोंडीबाईकडे गेले. होय, तीच. चार वर्षांपूर्वी तिचे बैल तुम्ही विकून दिलेत, त्या पैशांत सात नोटा खोट्या निघाल्या. तुम्ही भात विकून तिचे पैसे भरून दिलेत आणि दलाली सोडून उपरणं खुंटीला लावलंत. तिने तेव्हाही तुम्हाला बोल लावला नव्हता. यंदा ती गोऱ्ह्यांची जोडी विकायला काढतेय. माझं सगळं ऐकून घेतलं आणि तुमचं नाव घेऊन म्हणाली, "तुझा फोन मला नाय कळत गो ठके. कमळू मधी असंल तर घेन."

बाबा, हे काम मी पगारासाठी धरलं असं सगळ्यांना सांगते. ते खरं नाही. त्या दिवशी अंगणात तुम्ही त्या सात नोटा उन्हाकडे धरून पुन्हा पुन्हा पाहत होतात, तेव्हा मी दारात उभी होते. या रुपयात खोटी नोट यायची नाही, एवढंच मला समजलं आणि मी अर्ज भरला. पण वर्षभर फिरून कळलं, लोकांना मध्ये कुणाचा तरी हात लागतो. पौष पौर्णिमेला, जत्रा भरते त्या दिवशी, सकाळच्या एसटीने मी तुम्हाला न्यायला येतेय. उपरणं धुवून ठेवायला आईला सांगितलंय. नाही म्हणायचं असेल तर धोंडीबाईच्या दारात जाऊन तिला सांगा, मला सांगू नका.

तुमच्याच हट्टाची,
ठकी