अंबिकाचं दुसरं वाक्य

मंगळवार, संध्याकाळ

डोकं उठलंय नुसतं. इंग्रजीच्या शिकवणीत भूतकाळातल्या तुलनेचं वाक्य लिहायला दिलं होतं. अंबिकानं इंग्रजीत लिहिलं, 'काल आईनं बाबांपेक्षा जास्त कष्ट केले.' त्यातलं 'हार्डर' अगदी जागेवर. मी खूश.

आज तिचे बाबा तिला नि तिच्या वहीला घेऊन दारात, आवाज चढवून. "बाई, त्ये हार्डर काढा. मी काय बसून खातो व्हय?" मागं तिची आई, दिवसभर विड्या वळून आलेली. ऐकू येईल न येईल असं म्हणाली, "काढा की, बाई."

जिच्यासाठी ते हार्डर लिहिलं, तीच काढा म्हणते. मग मी कुणासाठी भांडू? वैतागून अंबिकाला म्हटलं, दुसरं लिही. तिनं तिथंच लिहिलं, 'आज आई बाबांपेक्षा हळू बोलली.'

हेही बिनचूक.