ॲडजस्ट कर, पुट्टी

पण अप्पा, टेप तर तुमच्याच हातात होता ना! अक्का सासरहून, सरगूरहून, एकटीच निघून आली होती. दुकानात उभी करून तुम्ही तिचं माप घेतलंत. तिच्या लग्नातला ब्लाउज तुम्हीच शिवलेला, पुढं अंग भरलं तर उसवता यावा म्हणून आत भरपूर कापड सोडून. आणि पोरगी उलट वाळून आली. दोन्ही बाजूंनी आत घेऊन तुम्ही टीप मारलीत, दातानं दोरा तोडलात आणि तिला लहानपणच्या लाडाच्या नावानं म्हणालात, "स्वल्प ॲडजस्ट कर, पुट्टी."

मैसूरला हा इंग्रजी शब्द सगळ्यांना येतो, पाचवीत शाळा सोडलेल्या मलासुद्धा. गिऱ्हाईक "ॲडजस्ट माडि", म्हणजे ॲडजस्ट करा, म्हणालं की समजायचं, शिलाई कमी करा. घरमालक म्हणाला की छत गळणारच. इथं सुरतेत आम्ही सहाजण एका खोलीत झोपतो, तेही ॲडजस्टच. पण इथं सगळेच थोडे थोडे सरकतात. अक्काच्या बाबतीत त्याचा अर्थ एकच होता, मार खा. मी विचारलं, "किती इंच ॲडजस्ट करायचं, अप्पा? टेपवर दाखवा की!" तुम्ही म्हणालात, "तोंड आवर. तुला संसारातलं काय कळतं?" त्याच आठवड्यात मी घर सोडलं. आई सांगते, नंतर अक्काचा ब्लाउज शिवताना तुम्ही आत कापड सोडणं बंद केलंत. हे मला तुम्ही गेल्यावर कळलं. आता भांडायला समोर कोणी नाही.

काल आईचा फोन आला. अक्का बॅग घेऊन आलीय, परत जाणार नाही म्हणते. काका येऊन सांगून गेले, तिला ॲडजस्ट करायला सांगा. "मी काय करू रे?" आई रडत होती. मी म्हटलं, "काकांना चहा दे आणि पाठवून दे. अप्पांच्या मशीनवर अक्का बसेल."

हे पत्र कुठल्या टपालपेटीत टाकू, अप्पा? म्हणून एक गोष्ट लिहूनच टाकतो. त्या दिवशी तुमच्यावर ओरडून झाल्यावर अक्काला सरगूरच्या बसमध्ये बसवून द्यायला मीच गेलो होतो. बस खचाखच भरलेली. सीटवरच्या बायकांना मीच म्हणालो, "स्वल्प ॲडजस्ट माडि." त्या लगेच सरकल्या. अक्का बसली, खिडकीतून माझ्याकडे बघत राहिली. बस सुटायच्या आधीच मी तिथून निघालो.

आजवर पैसे आईच्या खात्यात घालायचो. या महिन्याचे अक्काच्या खात्यात घालतोय. आठ हजार.