पाच नंबरची खोली

प्रिय शेंडेफळ,

तुझा फोन आला की मी कामात आहे असं सांगून टाळते, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. आज टाळायचं नाही म्हणून लिहायला बसलेय. आपल्या कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसातून पाच नंबरची खोली समोरच दिसते. तुझी खोली. दार सताड उघडं आहे, आत काही नाही.

तू शिकायला गेलीस तेव्हापासून बाबांबरोबर मीच आहे. सोळा वर्षं. सफरचंद झाडावरून उतरलं की त्याच दिवशी थंडीत गेलं पाहिजे, हवेत ओल हवी नाहीतर साल सुरकुतते, हे मी कुठल्या वर्गात बसून शिकले नाही. अंगठ्याने दाबलं की फळ अजून किती टिकेल ते मला कळतं. बाबांनी त्याबद्दल कधी कौतुकाचा शब्द काढला नाही. मीही म्हटलं, माणूसच अबोल. मग मागच्या हंगामात तू महिनाभराची सुट्टी काढून आलीस. "ताई, फळ तोडल्यावरही श्वास घेत असतं गं. तो मंद केला की ते म्हातारं होत नाही," म्हणालीस. खोलीच्या फटी बुजवल्यास, आतला ऑक्सिजन कमी करणारं यंत्र बसवलंस, दाराच्या झडपेचे बोल्ट स्वतः आवळलेस. आणि आपले बाबा, जे माझ्याशी दिवसाला दहा वाक्यं बोलतात, ते वही-पेन घेऊन तुझ्या मागेमागे! येईल त्या गिऱ्हाइकाला खोलीपाशी नेऊन "हे धाकटीचं डोकं बरं का" म्हणून सांगायचे. मी शेजारीच असायचे, पेट्या रचत.

तू परत गेलीस आणि रोज सकाळी आतल्या ऑक्सिजनचे आकडे बघून तुला कळवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. आकडे चांगले होते, हेच मला सोसेना. दोन महिन्यांनी तुझ्या खोलीच्या दाराच्या काचेतून डोकावले, तर फळं कालच तोडल्यासारखी हिरवी. माझ्या चार नंबरमधली तोवर पिवळट पडायला लागली होती. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पाचव्या महिन्यात बाबांनी तुझी खोली उघडली, तेव्हा फळ भुसभुशीत झालेलं. एक चावा घेऊन त्यांनी टाकून दिलं. मग फोनवर तुला "पुस्तकी अक्कल" म्हणाले. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवले.

परवा बाबांनी तुझं पत्र माझ्यापुढे ठेवलं. "फट माझ्याकडूनच राहिली असणार. ताईचा अंगठा माझ्या यंत्रांपेक्षा शहाणा आहे, तिला विचारायला हवं होतं," असं लिहिलंयस. अगं, फट तुझ्याकडून राहिली नव्हती. झडपेचे दोन बोल्ट मी सैल केले, जेवणाच्या सुट्टीत, सगळे बाहेर असताना. बाहेरची हवा आत जात राहिली, आकडा चढत गेला, आणि मी तुला रोज जुनाच आकडा कळवत राहिले. खोली उघडायच्या आदल्या दिवशी बोल्ट पुन्हा आवळून टाकले. काल हे सगळं बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "मला काय सांगतेस? तिला सांग." तेच सांगतेय. पुढच्या आठवड्यात नवं फळ येतंय. पाच नंबर तुझ्याच पद्धतीने भरायची असा मी हट्ट धरलाय आणि बाबांनी मान डोलावलीय. या वेळी आकडे खरे कळवीन. ते चांगले आले की मी पुन्हा जळेन, त्याला माझा इलाज नाही. पण झडपेला हात लावणार नाही. माझ्यावर विश्वास ठेव असं म्हणायचं तोंड मला नाही. म्हणून एवढंच विचारते, दार बंद करायला तू येशील का?

तुझीच,
ताई